अडचण : नाही

सोमवार, २ सप्टेंबर

साहेबांनी बोलावलं. मी खुर्चीत टेकायच्या आधीच – "मॅडम, प्रशिक्षण!" जणू माझा सत्कारच ठरलाय. बावीस नवे मूल्यमापक भरती झालेत. त्यांच्यासाठी पाच दिवसांचा अभ्यासक्रम हवा. आखायचा मी, शिकवायचा मी, आणि तोही पाच आठवड्यांत!

बावीस! दवाखान्यांसाठी नवं मशीन आलं, नवी चाचणी आली, की ती घ्यायची की कंपनीला हात जोडून वाटेला लावायचं, हे ज्यांच्या कागदावर ठरणार ती ही माणसं. त्यातल्या निम्म्यांना आलेख सरळ धरलाय की उलटा हे कळणार नाही, मी आत्ताच लिहून ठेवते. मला कुठे कुणी शिकवलं होतं? चोवीस वर्षं फायली उपसल्या, बोलणी खाल्ली, शिकले.

"पहिली तुकडी नीट गेली तर प्रशिक्षण केंद्र कायमचं तुमच्याकडे," साहेब म्हणाले. "नाहीतर बाहेरची संस्था आहेच."

बाहेरची संस्था म्हणजे टाळीबाई. गेल्या वर्षी तिने आम्हा सगळ्यांना गोलात उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. ऊर्जा यावी म्हणून! माझी होती तीही गेली.

केंद्र मला हवंय. वहीशी कसली लाज? हवंच आहे.

गुरुवार, ५ सप्टेंबर

टाळीबाईने आपला आराखडा साहेबांकडे आधीच पोचवलाय. साहेबांनी तो मला 'सहज नजरेखालून घाला' म्हणून दिला. घातला. पहिला दिवस – ओळख, अपेक्षा, रंगीत चिठ्ठ्या. दुसरा दिवस – 'पुराव्याशी मैत्री'. पुराव्याशी मैत्री! मैत्री केली की पुरावाही तोंडावर गोडच बोलायला लागतो, हे त्या बाईला कोण सांगणार? तिसऱ्या दिवशी दोरीचा खेळ आहे. दोरी कशासाठी ते लिहिलेलं नाही. मला दोन-तीन उपयोग सुचले.

उथळ पाण्याला खळखळाट फार.

माझा आराखडा एका ओळीचा आहे. एक खरी फाईल घ्यायची आणि पाच दिवस तिच्याशी भांडायचं.

सोमवार, ९ सप्टेंबर

फाईल मिळाली! कानाच्या नव्या मशीनची. आमच्या ऑफिसात याच मशीनचा निर्णय अजून व्हायचाय – सगळ्या सरकारी दवाखान्यांतून वाटायचं की नाही. म्हणजे पोरखेळातली खोटी फाईल नव्हे, जिवंत फाईल.

आणि काय फाईल! तीनशे बारा माणसांनी सहा महिने मशीन वापरलं. शेवटी बारा प्रश्न. फोनवर बोलताना अडचण येते का? चार माणसांत बसल्यावर अडचण येते का? मागून कुणी हाक मारली तर? दाराची बेल वाजली तर? शंभरातल्या चौऱ्याण्णवांनी प्रत्येक प्रश्नाला 'नाही' म्हटलंय. आणि छापील कागद हातात कोंबून 'भरा' म्हटलेलं नाही. प्रत्येकासमोर माणूस बसवून प्रश्न वाचून दाखवलेत. त्यामुळे लिहिता-वाचता न येणारे सुटले नाहीत, कुणी प्रश्न गाळला नाही, रकाना रिकामा नाही. याला म्हणतात काम! एरवी आमच्याकडे येतात त्या फायली म्हणजे चाळण्या.

नवशिक्यांना आधी चांगला पुरावा कसा दिसतो ते दाखवायचं. वाईट ते रोज बघणारच आहेत.

ह्यांना जेवताना सांगत होते. हे म्हणाले, "छान. आता भाजी घे, तिला गुण नको देऊस."

गुरुवार, १२ सप्टेंबर

प्रश्नावली वर्गात न्यायच्या आधी कुणावर तरी करून बघायला हवी होती. घरात आयतं गिऱ्हाईक! बाबांना मार्चमध्ये, नमुन्यादाखल झालेल्या पहिल्या वाटपात, तेच मशीन मिळालंय. एक्याऐंशी वय, आयुष्यभर जमीन मोजण्याची नोकरी. त्यांच्याइतकं नेमकं उत्तर देणारा माणूस मला दुसरा माहीत नाही.

आज ऑफिसला निघता निघता उरकलं. बारा प्रश्न, चार मिनिटं. "फोनवर बोलताना अडचण येते का?" – "नाही." "चार माणसांत?" – "नाही." "मागून हाक मारली तर?" – "नाही गं." बाराच्या बारा नाही! ना आढेवेढे, ना 'तसं बघायला गेलं तर'. पूर्ण गुण. फाईलशी तंतोतंत जुळलं. लिफ्टमध्ये एकटीच हसत होते.

त्यांचा भरलेला कागद उत्तरसूचीत नमुना म्हणून लावते. नाव नाही, वाटपाच्या यादीतला क्रमांक फक्त – सतरा.

'आपले हितसंबंध आधी जाहीर करा' हे अभ्यासक्रमातलं पान मीच लिहिलंय, माहितेय मला. पण बाबा म्हणजे काही हितसंबंध नव्हेत. बाबा आहेत.

शुक्रवार, २० सप्टेंबर

उत्तरसूची पूर्ण. एकोणतीस पानं. निष्कर्ष – मशीन घ्यावं.

सोमवार, २३ सप्टेंबर

साहेबांनी उत्तरसूची वाचली. म्हणजे पहिलं आणि शेवटचं पान वाचलं. मग डोळे चमकले. "मॅडम, हा तर तयार अहवालच आहे! वेगळा कशाला लिहायचा? वरची 'प्रशिक्षणार्थींसाठी' ही ओळ काढा, हाच समितीकडे जाऊ दे."

चोवीस वर्षांत बरंच पाहिलं, पण मास्तरांची गाईड खुद्द बोर्डाने पास केलेली आजच पाहिली. अर्थात गाईड उत्तम आहे. मीच लिहिलीय. त्यामुळे फार ताणून धरलं नाही. तुकडी संपेल त्या शुक्रवारी पाठवायचं ठरलं. त्यावर समिती सही करणार आणि मशीन दवाखान्यांत जाणार. माझ्या एकोणतीस पानांवर.

मान जरा ताठ करूनच बाहेर आले.

सोमवार, ३० सप्टेंबर

तिसऱ्या दिवसाचं दुपारचं सत्र रिकामं होतं. साहेब म्हणाले, "काहीतरी उपक्रम घाला ना, दोरीचा वगैरे." मी घातला. प्रत्येकाने मशीन वापरणाऱ्या एकाच्या घरी जायचं. दोन तास बसायचं. प्रश्नावली काढायची नाही. नुसतं बघायचं आणि दोन पानं लिहायची.

आमच्या धंद्यातले सगळे उंटावरून शेळ्या हाकतात. बघू देत एकदा खाली उतरून.

सोमवार, ७ ऑक्टोबर

आले एकदाचे. बावीसच्या बावीस, वेळेवर, नव्या दप्तरांसकट.

एक डॉक्टर आहे – प्रश्न संपायच्या आत उत्तर देतो. उत्तर बरोबर असतं, पण दुसऱ्याच प्रश्नाचं. एक आकडेवाला आहे. समोर येईल त्याची सरासरी काढतो. चहाच्या सुट्टीत त्याने बिस्किटांचीही काढली. दर माणशी अडीच. ह्या दोघांमध्ये बाकीचे एकोणीस 'अगदी बरोबर मॅडम' म्हणत बसलेत. आणि सगळ्यात मागच्या बाकावर एक सिस्टर. वीस वर्षं वॉर्डात काढून इकडे आलीय. बोलत नाही. लॅपटॉप नाही. हाताने लिहिते, मोठ्या अक्षरात, औषधांचा तक्ता भरावा तसं.

फाईल वाटली. म्हटलं, भांडा. कुणी भांडेना. गाढवापुढे वाचली गीता!

मंगळवार, ८ ऑक्टोबर

आज सिस्टरने तोंड उघडलं.

"मॅडम, इथे 'अडचण' म्हणजे काय धरायचं?"

मी म्हटलं, "अडचण म्हणजे अडचण. शब्दकोश आणवू का?" डॉक्टर मोठ्याने हसला. मग सगळे हसले.

ती बसली नाही. म्हणाली, "तसं नाही मॅडम. आमच्या वॉर्डातल्या म्हाताऱ्या बायका अडचण कधी सांगायच्याच नाहीत. चार दिवस उठता आलेलं नसायचं. विचारलं, की 'काही अडत नाही हो बाई'. कारण पाणी द्यायला सून असायची. त्यांचं अडायचं नाही, पण त्या उठत नव्हत्या ना."

"भावना वेगळी, पुरावा वेगळा," मी म्हटलं. फळ्यावर लिहिलंसुद्धा. सगळ्यांनी उतरवून घेतलं. ती मात्र तशीच बघत राहिली, थर्मामीटर लावून थांबल्यासारखी.

असल्या माणसांचं मला काही कळत नाही. तीनशे बारा माणसांचा पुरावा समोर आहे आणि ह्यांना कुठल्या तरी चार म्हाताऱ्या आठवतात!

बुधवार, ९ ऑक्टोबर

दुपारी सगळे घरोघर गेले. पत्त्यांच्या चिठ्ठ्या मी सकाळी बरणीत टाकल्या होत्या. यादीत नावं नाहीत, नुसता क्रमांक आणि पत्ता. सिस्टरने काढली ती सतरा नंबरची.

म्हटलं, जाऊ दे! माझ्याच घरी जाऊन येऊ दे. तिला माहीत नाही. ऑफिसात मी माहेरचं नाव लावते, दारावर पाटी ह्यांची. ह्यांना फोन करून सांगितलं – ऑफिसचं माणूस येईल, मी कोण ते बोलायचं नाही, बाबांशी बसू द्यायचं. हे म्हणाले, "म्हणजे आता घराचीसुद्धा परीक्षा?"

संध्याकाळी विचारलं, काय केलं तिने? "काही नाही. बसली. बाबाही बसले. मी टीव्ही बघत होतो. चहा दिला दोघांना." झालं! दोन तास बसून चहा. डोंगर पोखरून उंदीरसुद्धा निघायचा नाही.

गुरुवार, १० ऑक्टोबर

एकवीस जणांची दोन-दोन पानं आली. डॉक्टरने ज्याच्या घरी गेला त्याला औषध लिहून दिलं. आकडेवाल्याने घरातल्या आवाजाची सरासरी काढली. एका पोरीने यजमानांच्या कुत्र्यावर परिच्छेद लिहिलाय, आणि खरं सांगायचं तर तोच त्यातल्या त्यात वाचनीय आहे. बाकी सगळीकडे 'वापरकर्ता समाधानी दिसला'. दिसला! कसा दिसला? कपाळावर शिक्का होता?

सिस्टरचं आलं नाही. हाताने लिहितेय म्हणे, उद्या देईल.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

झालं! जिंकले!

समारोपाला साहेब दोन वरिष्ठांना घेऊन आले. डॉक्टर उठून बोलला – "पुरावा कसा वाचायचा हे मॅडमनी शिकवलं." (आता तरी प्रश्न पुरता ऐकून घे, बाळा.) वरिष्ठांपैकी एकाने पाच मिनिटं फाईल चाळली आणि म्हणाले, हे केंद्र असंच चालायला हवं. साहेबांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं – केंद्र मॅडमकडे. टाळ्या! टाळीबाईवाचून वाजलेल्या.

दुपारी अहवाल समितीकडे गेला. सोमवारी सकाळी बैठक. साहेब म्हणाले, बैठक म्हणजे सहीपुरती.

घरी येताना पेढे घ्यावेसे वाटले. नाही घेतले. पण वाटलं.

बाबांच्या खोलीत डोकावले, सांगितलं, "बाबा, केंद्र मला मिळालं!" ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. दमले असतील. दार ओढून घेतलं.

शनिवार, १२ ऑक्टोबर

सिस्टरचं दीड पान वाचलं. वाचायला नको होतं.

हे मूल्यमापन आहे? हा वॉर्डातला तक्ता आहे! वेळ, आणि समोर काय झालं ते.

'४.०० – यंत्र उजव्या कानात. ४.१५ – बेल वाजली, आजोबांनी मान वळवली नाही. जावई उठले. ४.४० – फोन वाजला, जावयांनी घेतला. ५.०५ – मी विचारलं, चहा घेतलात? म्हणाले, नाही. कप हातात होता. ५.२० – मी विचारलं, तुमचं नाव काय? म्हणाले, नाही. ५.३० – समोर बसून हळू बोलले, तेव्हा ओठांकडे बघून दोन उत्तरं बरोबर दिली. ५.५० – म्हणाले, मुलगी मोठ्या हुद्द्यावर आहे, फार काम असतं तिला. ६.०० – दोन तासांत घरातलं कुणी त्यांच्याशी बोललं नाही. त्यांनीही कुणाला हाक मारली नाही. त्यांचं काही अडलं नाही.'

आणि खाली दोन प्रश्न, मला! शिकायला आलेली मला प्रश्न विचारते!

'एक – यंत्र चालू आहे का, हे घरच्यांपैकी कुणी उघडून पाहिलं आहे का? दोन – कंपनीच्या माणसांनी प्रश्न वाचून दाखवले असं फाईलमध्ये आहे. ज्यांना ऐकूच आले नाहीत, त्यांनी काय उत्तर दिलं असेल?'

काय उत्तर दिलं असेल! ऐकू आलं नाही तर माणूस 'काय?' म्हणतो, 'परत सांगा' म्हणतो. तीनशे बारा माणसं वेडी होती? नाचता येईना, अंगण वाकडं! वीस वर्षं औषधं वाटली म्हणून काय पुरावा कळतो? 'निरीक्षण चांगलं, निष्कर्ष भावनेच्या आहारी' असा शेरा मारला आणि वीसपैकी नऊ दिले. लाल पेनने.

ह्यांना दाखवलं. वाटलं होतं हसतील. त्यांनी चष्मा लावला, दोनदा वाचलं, कागद परत दिला. म्हणाले, "जावई टीव्ही बघत होते, हे नाही लिहिलं तिने. सभ्य आहे." आणि उठून गेले.

लाल पेन बंद करून बसलेय. दोन तासांत कुणी बोललं नाही म्हणे. अगं, दुपारची वेळ, मी ऑफिसात होते! मी असते तर बोलले असते. मी रोज बोलते त्यांच्याशी. सकाळी निघताना 'येते बाबा', आल्यावर 'जेवलात का'. काल केंद्राचंही पहिल्यांदा त्यांनाच सांगितलं.

काल ते वळले नव्हते.

रविवार, १३ ऑक्टोबर

सकाळी बाबांच्या पाठीमागे उभी राहिले. तीनदा हाक मारली, तिसऱ्यांदा ओरडूनच. ते पेपर वाचत राहिले. कानातलं मशीन काढून घेतलं, झाकण उघडलं. आत सेलच नाही.

पेपरच्या कोऱ्या कडेला लिहिलं – कधीपासून? "मे असेल," म्हणाले. त्याखाली लिहिलं – मग सप्टेंबरात मी बारा प्रश्न विचारले, तेव्हा?

वाचून हसले. "प्रश्न होते होय ते? मला वाटलं, निघताना काही हवं-नको विचारतेयस. तुला उशीर होत होता गं, म्हणून नाही म्हणत गेलो."